चादरीचं दुसरं टोक

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी ओली चादर हातात धरली की ती निमूट सरळ होते. मी अकरा वर्षं तिचं दुसरं टोक धरून उभी आहे, पण मला ते अजून साधलेलं नाही. माझ्या बाजूला एखादी सुरकुती राहतेच, आणि एवढ्या वाफेत, चष्मा नसताना, ती ताईंना दिसतेच. "कोपरा," एवढं एकच म्हणतात. मी कोपरा ओढते आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावते. तोंडावर सुनावण्यात अर्थ नाही, कारण घरी स्वयंपाकघर एकच आहे आणि तिथेही डाव त्यांच्याच हातात असतो.

आमचा कारखाना धुलाईचा. मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं मळून इथे येतं आणि घड्या होऊन परत जातं. धुण्याचं काम यंत्रं करतात. आमच्या वाट्याला येतो तो इस्त्रीचा रोलर, भिंतीएवढा लांब आणि आतून वाफेने तापलेला. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, कड सरळ लावायची आणि एकाच वेळी सोडायची. एकीने आधी सोडली की चादर तिरकी जाते आणि पलीकडे नुसता बोळा बाहेर पडतो. म्हणून इथे कुणी एकटी काम करत नाही, इथे जोड्या असतात. एक बाहेर गेली तर दुसरी हात लोंबकळत उभी, पलीकडे घड्या घालणाऱ्या दोघी उभ्या, रोलर रिकामा फिरतोय, आणि मग आमचे सुपरवायझर शिट्टी फुंकतात. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. ते शिट्टीसाहेब.

ताईंना कारखान्यात 'कडकबाई' म्हणतात. घडीमुळे की जिभेमुळे, हे विचारायची हिंमत आजवर कुणाला झालेली नाही. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यासमोर मान वर करून बोलावंसं वाटतं. पंधरा वर्षांत त्यांची जोडी जेवणाच्या सुट्टीआधी एकदाही थांबली नव्हती, आणि याचा त्यांना कोण अभिमान. आधीची जोडीदारीण गाव सोडून गेली तेव्हा त्यांनी मला, म्हणजे धाकट्या जावेला, आणून तिच्या जागी उभं केलं. घरी मला 'मिरची' म्हणतात. ही जागा माझ्या जिभेसाठी मिळालेली नाही हे त्यांनी फाटकातच बजावलं.

आणि तिथेच नियम सांगितला. सकाळी अर्धा कप चहा, मग दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही. संडास अंगणाच्या त्या टोकाला, बॉयलरच्या मागे. किल्ली शिट्टीसाहेबांच्या टेबलाच्या खणात. ती सगळ्या पुरुषांदेखत मागायची, आणि मागितली की साहेब आधी घड्याळाकडे बघणार. त्यापेक्षा तहान परवडली, असं ताईंचं म्हणणं. घामावाटे मीठ जातं म्हणून डब्यातल्या भाजीवर त्या वरून मीठ भुरभुरायच्या आणि माझ्याही भाजीवर टाकायच्या. मी तीन दिवसांत शिकले. माणूस कशालाही सरावतो.

दुसरी गोष्ट शिकले ती लाल गोळी. ताईंना रोलरपाशी दिवसभर टाचा उंचावून काम करावं लागे, त्यामुळे कंबर धरायची. फाटकासमोरच्या दुकानात दुखण्याची लाल गोळी मिळायची. सकाळी एक, दुपारी एक, उन्हाळ्यात तिसरीही. त्या घ्यायच्या तेव्हा एक माझ्यापुढे करायच्या. आम्ही त्या गोळीला औषध मानतच नव्हतो. कामावर आलो की एप्रन चढवायचा आणि गोळी घ्यायची, इतकं ते साधं होतं.

मग गेल्या वर्षी हॉस्पिटलने आमच्याकडे एक नर्सबाई पाठवल्या. हॉस्पिटलचे कपडे हाताळणाऱ्यांची तब्येत बघायची, असं कुणाच्या तरी मनात आलं असावं. साबणाच्या खोलीत रक्तदाब मोजायचं यंत्र आणि लघवीसाठी छोट्या बाटल्या मांडून त्या बसल्या. वेळ कमी, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनाच बोलावलं. मी एकोणचाळीसची होते, सुटले म्हणून खूश झाले.

बाटली घेऊन सहाजणी अंगणापलीकडे गेल्या आणि सहाच्या सहा रिकाम्या बाटल्या घेऊन परतल्या. नर्सबाईंना वाटलं या बायका लाजतायत. त्यांनी सगळ्यांना एकेक पेला पाणी पाजलं आणि बसवून ठेवलं. तरी काही नाही. शेवटी त्यांनी ताईंना विचारलं, सकाळपासून किती पाणी प्यायलात?

"हा तुम्ही दिलेला पेला," ताई म्हणाल्या, आणि तेही अशा थाटात की समोरचीने कौतुक करावं.

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. रक्तदाब एका हातावर मोजला, मग दुसऱ्या हातावर, मग पाच मिनिटं बसवून पुन्हा. दुपारी कशीबशी बाटली भरली तेव्हा त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि पट्टीचा रंग पालटला. लघवीतून प्रथिनं जातायत, किडनी तपासायला हवी, याच आठवड्यात बाजारामागच्या दवाखान्यात जा, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ताईंनी त्या चिठ्ठीची अशी घडी घातली की कडेने बोट कापावं, आणि घरी नेऊन गादीखाली ठेवली. तिथे ती तीन आठवडे होती.

मला कळलं ते त्यांच्या पायांमुळे. संध्याकाळी त्यांच्या चपलांचे पट्टे पायांत रुतलेले दिसू लागले. मी विचारलं तर म्हणाल्या, उभं राहून होतं. मी म्हटलं, उभी तर मीही असते. मग माझा नेहमीचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. गादी उचलली, चिठ्ठी काढली, भाऊजींसमोर आपटली. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान, अगदी गरीब गाय. ते चिठ्ठी हातात धरून नुसते बसून राहिले. शनिवारी मी ताईंना अक्षरशः हाताला धरून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, चेहऱ्याने थकलेल्या, पण विचारायला चिकट. घरात कुणाला हा आजार होता का? ताईंचे वडील पन्नाशीत अंगावर सूज येऊन गेले होते. लोक म्हणाले होते, अंगात पाणी झालं. बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का? वाढला होता, मुलीच्या वेळी. मुलगी आज बावीस वर्षांची, परगावी नोकरीला, आणि तेव्हापासून रक्तदाब कुणी मोजलेला नव्हता. काम कुठे? उष्म्यात. पाणी किती? मीठ किती? गोळ्या कुठल्या? एकेका उत्तराला त्या मान हलवून लिहीत गेल्या. मला वाटलं, आमचा रोजचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या कागदावर आजार म्हणून उतरतोय.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. दोन्ही किडन्या मिळून शंभरातलं बेचाळीसच काम करतायत. ताईंचा विश्वास बसेना. मग दुखत कसं नाही, म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीच तर पंचाईत आहे, किडनी दुखून सांगत नाही, फार उशिरा सांगते. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळलं तर जन्मभर पुरू शकतं. नाही सांभाळलं, तर पुढे कधीतरी आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यावं लागेल.

ते यंत्र कुठे असतं हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. त्या वॉर्डाच्या चादरींना निळी कड असते. आम्ही त्या रोज रोलरमध्ये घालतो. ताई रस्ताभर माझा हात घट्ट धरून चालल्या, आणि ही बाई कधी कुणाचा हात धरत नाही. त्या निळ्या कडेच्या चादरीवर ताई झोपलेल्या मला दिसल्या आणि मी खूप घाबरले.

करायचं काय ते कागदावर लिहून मिळालं होतं. दाबाची गोळी रोज, चुकवायची नाही. मीठ कमी. दुखण्याच्या गोळ्या बंद. पाणी दिवसभर थोडं थोडं, आणि लागली की जायचं, दाबून ठेवायची नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी. ताईंनी दाबाची गोळी एक दिवस चुकवली नाही. मिठाची बरणी त्यांनी स्टुलावर चढून फळीवर सगळ्यात वर, स्वतःचा हात पोचणार नाही अशी ठेवली. भाऊजी पहिले चार दिवस जेवताना उसासे टाकायचे, मग त्यांनाही गोडी लागली. शेजारच्या काकूंनी किडनी धुवून काढणारी कसलीशी पूड आणून दिली, ती मी त्यांच्यादेखत कचऱ्यात ओतली. आमचं बोलणं अजून बंद आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

अडलं ते एका ठिकाणी. रोलरपाशी उभ्या राहिल्या की ताई पुन्हा त्याच. पाण्याची बाटली आणायच्या आणि भरलेलीच परत न्यायच्या. मी डोळे वटारले की म्हणायच्या, मी गेले तर तू उभी, त्या दोघी उभ्या, माझ्या एकटीच्या लघवीपायी चौघींनी बोलणी का खायची? आणि गोळी बंद झाल्यापासून कंबर इतकी दुखायची की दुपारनंतर ओठ दाताखाली धरून उभ्या असायच्या. मला ते बघवेना. मी दुकानात गेले, लाल गोळी नको म्हणाले, दुसरी द्या. दुकानदाराने पांढरी दिली. मी ती ताईंना दिली, म्हटलं ही ती नव्हे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तीन महिन्यांनी आकडा आला तेहतीस.

डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा विचारलं. दाबाची गोळी? रोज. मीठ? कमी. मग आणखी काही घेता का? मी खिशातून पांढऱ्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून वाचली आणि म्हणाल्या, रंग वेगळा आहे, औषध त्याच जातीचं. घरी येताना भर रस्त्यात मला रडू आवरेना. मीच माझ्या हाताने त्यांना ते खाऊ घातलं होतं, आणि तेही शहाणपणा मिरवत. ताई थांबल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी गिळली, तू काही नरडं दाबून भरवली नाहीस. चल आता, लोक बघतायत."

पण पाण्याबद्दल विचारलं तेव्हा ताई डॉक्टरीणबाईंसमोर खाली मान घालून बसल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. उष्म्यात असं कोरडं राहणं हेही गोळीइतकंच वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ताई स्वतःहून जोडी मोडणार नाहीत, जीव गेला तरी नाही, हे मला ठाऊक होतं. मग मोडायची कुणी, हा हिशेब सोपा होता.

सोमवारी मी कामावर जाताना दोन पेले पाणी प्यायले आणि दहाला आणखी एक. साडेदहाला एक चादर आत सोडली, दुसरी उचलली नाही आणि चालू लागले. मागून "कोपरा" ऐकू आलं, सवयीने. मग शिट्टी. मी शिट्टीसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सगळी शेड बघत होती, धुण्याकडचे पुरुषसुद्धा.

"साहेब, लघवीला जायचंय. किल्ली द्या."

ते सवयीप्रमाणे घड्याळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ती घड्याळाला नाही लागलेली, मला लागली आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी किल्ली दिली. परत आले तर ताई तशाच उभ्या, हात लोंबकळत, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. रागाने चेहरा लालबुंद. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. काम थांबलंच आहे, तुमच्यामुळे नाही थांबलेलं, माझ्यामुळे थांबलंय, असं म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि अंगणाकडे गेल्या. आल्यावर त्या बाटलीतलं पाणी घटाघट प्यायल्या. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी पुन्हा चालू लागले.

तिसऱ्या दिवशी शेजारची जोडीही किल्ली मागायला गेली. शुक्रवारी शिट्टीसाहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. माझी सगळी मिरची तिथेच विरघळली. नोकरी गेली तर घरची चूल विझेल, एवढंच डोक्यात. तेव्हा ताई पुढे झाल्या आणि त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. बेचाळीस, तेहतीस, निळी कड, सगळं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. साहेब शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं, रोज साडेदहालाच का? आणि स्वतःच म्हणाले, वेळ ठरवली तर घडीवाल्यांपैकी एकजण तेवढ्यापुरतं टोक धरेल. सकाळी एकदा, दुपारी एकदा, प्रत्येक जोडीची पाळी लागेल. त्यांनी तसा कागद केला आणि भिंतीला चिकटवला. किल्ली खणातून निघून दाराजवळच्या खिळ्याला आली. आता हे इतकंच होतं तर पंधरा वर्षं कशाला लागली, याचा मला अजून राग येतो. पण साहेबांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, हेही खरं.

कंबरेवरही तोडगा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की गोळीने दुखणं झाकलं जातंय, दुखण्याचं कारण टाचांखाली आहे. कारखान्याच्या सुताराने जुन्या खोक्यांच्या फळ्या ठोकून वीतभर उंचीचा पाट करून दिला. ताई त्यावर उभ्या राहिल्या की जवळजवळ माझ्याएवढ्या होतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आता तरी मान खाली न घालता तुमच्याशी बोलता येईल. त्या म्हणाल्या, "कोपरा."

पुढच्या तपासणीला आम्ही सकाळीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला आणि पहिल्यांदाच आम्हाला त्यांचे दात दिसले. एकोणचाळीस. गोळीने झालेलं थोडंफार भरून आलंय, इथेच टिकवून धरायचं, आपलं काम आता तेवढंच, असं म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. मी पिशवी उचलली, निघायला वळले. ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"आता हिचं रक्त घ्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं मला काय धाड भरलीय, चला, कामावर उशीर होतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी जे जे केलं ते सगळं हिने केलंय," त्या डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या. "तेवढाच उष्मा, तेवढंच मीठ, त्याच गोळ्या. मीच शिकवलंय." मी बाही वर केली. सुई टोचताना ताईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं, स्वतःच्या वेळी त्या टक लावून बघत असतात.

माझा रिपोर्ट पुढच्या गुरुवारी मिळाला. ते चार-पाच दिवस ताईंनी घरात कुणाशी धड भांडणसुद्धा केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि सांगितलं की रक्त चांगलं आहे, लघवी स्वच्छ आहे, फक्त त्या गोळ्या पुन्हा नकोत आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. ताईंनी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. मग बाहेर येऊन ओट्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. बेचाळीसला त्या रडल्या नव्हत्या, तेहतीसलाही नाही. माणसं वळून वळून बघत होती, पण त्या दिवशी त्यांना लोकांची पर्वा नव्हती.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या, "तुला मी तहानलेली ठेवली गं."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि त्या दिवशी आम्ही दोघी कामावर उशिरा पोचलो.